आधी भेटलेला माणूस

माझा चेहरा लोकांच्या लक्षात राहत नाही. लोक मला चार लग्नांत भेटतात आणि पाचव्या लग्नात हात पुढे करून विचारतात, "आपण मुलीकडचे का?" एकदा तर माझ्याच दुकानात, माझ्याच हातून चष्मा लावून घेताना एका गिऱ्हाइकाने मला विचारलं होतं, मालक कधी येतील. बार्शीत तोडकरी ऑप्टिशियन हे दुकान शेंबड्या पोरालाही माहीत आहे, संगमेश तोडकरी मात्र कुणाला माहीत नाही. उभा जन्म दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर फ्रेमा बसवण्यात गेला, आपला चेहरा कुणाला दिसला नाही तर तक्रार कुणाकडे करायची?

म्हणून गिरिजाला बघायला गेलो त्या दिवशी जे घडलं, त्याचं मोल मला जरा जास्तच वाटलं. ही गोष्ट खरं तर माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. म्हणजे सांगायचा हक्क तिचा. बारसं असो, डोहाळजेवण असो, चार बायका जमल्या की अक्का ती सांगायचीच, आणि दर वेळी तिखटमीठ लावून. पण मूळ गोष्ट खरी होती.

त्याआधी दोन मुलींकडून नकार आला होता. त्यातल्या एकीने निरोप पाठवला होता की मुलगा नीटसा आठवत नाही. तर तिसऱ्या खेपेला आम्ही लातूरला गेलो. बैठक भरली, पोह्यांच्या बशा आल्या. गिरिजाने ट्रे ठेवला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि ती थबकली. मग भर बैठकीत म्हणाली, "आपण आधी भेटलोय. तुम्ही आता पाणी मागाल आणि पेला डाव्या हाताने घ्याल."

माझ्या घशाला खरंच कोरड पडली होती. मी पाणी मागितलं आणि पेला डाव्या हाताने घेतला, कारण मी डावरा आहे. माझं घड्याळ उजव्या मनगटावर होतं, ते बघून कुणालाही अंदाज आला असता. पण अशा वेळी घड्याळाकडे कोण बघतं? सगळी बैठक गार पडली. पुढचं अक्काच्या शब्दांत: "आणि मग पोरगी अशी लाजली, अशी लाजली! पदराचं टोक चुरगाळतीय, ओठ चावतीय, हिच्या मामांनी दोनदा हाक मारली तरी हिला पत्ता नाही. पार हरवली होती हो!" मग कुणीतरी म्हणायचं, गेल्या जन्मीचा ऋणानुबंध, दुसरं काय. आणि अक्का शेवटी मला एक टपली मारायची: "अन् हा शहाणा बशीच्या कडेला शेंगदाणे काढून ठेवत बसलावता. सोलापूर जिल्ह्यातला माणूस आणि शेंगदाणा खात नाही!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. कुणाच्याच लक्षात न राहणाऱ्या माणसाला एका मुलीने पहिल्या नजरेत ओळखलं होतं. त्यानंतर मला दुसऱ्या कशाची हाव राहिली नाही.

लग्नानंतरही ते अधूनमधून घडायचं. संध्याकाळी दुकान बंद करून मी घरी यायचो, दारात उभा राहायचो, आणि गिरिजा मान वर करून बघताबघता तिचे डोळे भरून यायचे. "आलात? मला माहीत होतं, अगदी असेच येणार होतात," असं ती म्हणायची. मग पदर नाहीतर ओढणी, जे हाताला लागेल त्याचं टोक बोटांनी चुरगाळत जरा वेळ गप्प बसायची. मी चपला न काढता तसाच उभा राहायचो. हललो तर ते मोडेल असं वाटायचं. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्याचंही फार वाईट वाटलं नाही. शेजारीपाजारी नवराबायको भांड्याला भांडं लागल्यासारखे वाजायचे, आमच्या घरात शांतता होती.

मोठे झटके चाळिशी ओलांडल्यावर सुरू झाले. पहिला दुकानातच आला. गिरिजा एका बाईला फ्रेम दाखवत होती, ती तशीच ताठ होऊन कोसळली. फेपरं म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचून माहीत होतं, घरात बघणं वेगळं. गोळ्या झाल्या, बदलून दुसऱ्या झाल्या, मग दोन्ही एकत्र झाल्या. झटके थांबले नाहीत. मग एका दुपारी जेवायला घरी आलो तर गिरिजा पालथी झोपलेली, तोंड उशीत, ओठ निळे. मी तिला उताणी केली आणि गदागदा हलवली, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला. त्यानंतर मी दुपारचं दुकान बंद ठेवायला लागलो. तशीही गर्दी उरली नव्हती. हल्ली चष्मे स्वतःच स्वतःचा नंबर बदलतात, माणसं माझ्याकडे येतात ती फक्त चेहऱ्याला काय शोभेल ते विचारायला.

सोलापूरच्या डॉक्टर मुजावर बाई या आजारातल्या जाणत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, झटका येण्याआधी काही वेगळं जाणवतं का. गिरिजाने मान हलवून नाही म्हटलं. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी समजावून सांगितलं की कुणाला रबर जळल्याचा वास येतो, कुणाच्या जिभेवर लोखंडासारखी चव येते, कुणाच्या पोटातून काहीतरी वर चढत येतं, कुणाला एकाएकी विनाकारण भीती वाटते. लोक याला आजार समजत नाहीत म्हणून सांगत नाहीत, पण ते सांगावं. ती पूर्वसूचना असते. ती ओळखता आली तर माणूस गॅसपासून दूर होतो, जिन्यावर असेल तर खाली बसतो, कुणाला तरी हाक मारतो. खरं तर ती सूचनाही नसते, बाई म्हणाल्या. तो छोटा झटकाच असतो, मेंदूच्या एका कोपऱ्यापुरता. कधी तिथेच विझतो, कधी वणव्यासारखा पसरतो.

"तसलं काही नाही होत," गिरिजा जरा लाजून म्हणाली. "फक्त यांच्याबद्दल फार वाटतं."

बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. फार म्हणजे कसं, असं त्यांनी विचारलं. गिरिजाने सांगितलं की हे दारात उभे असतात, आणि वाटतं हे सगळं आधी होऊन गेलंय, आता पुढे काय होणार तेही मला माहीत आहे, आणि हा माणूस माझा आहे. मग तिने कौतुकाने लातूरची गोष्ट सांगितली, अक्काच्याच थाटात, पाण्याच्या पेल्यापासून पदराच्या टोकापर्यंत. पदराचं टोक बाईंनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. ओठ चावणंही. मामांच्या हाका ऐकू न येणंही.

"गिरिजाताई," बाई सावकाश म्हणाल्या, "ते लाजणं नव्हतं."

मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीने पदर चुरगाळला तर दुसरं कुणाच्या मनात काय येणार? अख्खी बैठक एका झटक्याकडे बघत होती आणि सगळ्यांना नवरी लाजलेली दिसली. त्यांचा तरी काय दोष? मीही तेच पाहिलं होतं, आणि नजर तपासणं हाच माझा धंदा.

बाईंनी मग कागदावर मेंदू काढून दाखवला. कानाच्या आत, खोलवर, आठवण आणि ओळख यांच्या जागा शेजारीशेजारी आहेत, पण त्या वेगळ्या आहेत. आठवण म्हणजे कपाट. कोण, कुठे, कधी, ते सगळं तिथे ठेवलेलं. ओळख म्हणजे एक घंटा. आपण माणूस पाहतो, कपाटात तो सापडतो, आणि घंटा वाजते की हा आपला. काहींच्या मेंदूत कपाट न उघडताच घंटा वाजते. समोर पूर्ण परका माणूस असतो, पण जन्मोजन्मीचा वाटतो. तसं वाटणं खोटं नसतं, बाई म्हणाल्या. वाटणारच, घंटा खरीच वाजलेली असते. फक्त ती वाजवणारं कुणी नसतं.

परतीच्या एसटीत गिरिजा खिडकीबाहेर बघत होती. वैराग मागे पडल्यावर म्हणाली, "मग ऋणानुबंध?" मी म्हणालो, डॉक्टरांना काहीतरी बोलावंच लागतं. तिने माझा हात धरला, पण तो धरताना आधी त्याच्याकडे पाहिलं.

गोळ्यांना न जुमानणाऱ्या झटक्यांसाठी तेव्हा नवीन यंत्र आलं होतं. त्याचं मूळ नाव लांबलचक होतं, पेशंट त्याला चाहूल म्हणायचे. केसाइतक्या बारीक तारा कवटीतून आत सोडतात, कानामागे कातडीखाली एक चपटी चकती बसवतात. तारा रात्रंदिवस मेंदूतली वीज ऐकतात. वादळाची पहिली खूण कळली की त्याच जागी उलट ठोका देतात आणि ते उठायच्या आत शमवतात. पण प्रत्येकाची खूण वेगळी, म्हणून आधी यंत्राला शिकवावं लागतं. ऑपरेशननंतर गिरिजाच्या हातात एक बटण दिलं. आत काहीही वेगळं वाटलं की ते दाबायचं, म्हणजे यंत्र त्या क्षणाची वीज लक्षात ठेवणार.

माझ्या फोनवर ती वीज डोंगरांसारखी उमटायची. मी दारात आलो, गिरिजाने वर पाहिलं, बटण दाबलं, की डोंगर. दुकानातून फोन केला तर सपाट माळ. मी घरात शिरलो की डोंगर. खोटं कशाला बोलू, मी हुरळलो. बायकोच्या मेंदूत आपल्या नावाचा डोंगर किती नवऱ्यांनी पाहिलाय? मी तो अक्काला दाखवला, दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनाही दाखवला. मुजावर बाईंनी तो पाहिला आणि मागचे सगळे डोंगर एकेक करून उघडले. मग म्हणाल्या की काहींना लखलखत्या उजेडाने झटका येतो, काहींना एखाद्या गाण्याने. गिरिजाला तुमच्या दारात येण्याने येतो. लातूरला घंटा वाजली तेव्हा समोर तुम्ही होता, तेव्हापासून मेंदूने तीच वाट धरलीय. आणि आता त्याच वाटेने मोठा झटका येतो, कधी तुम्ही समोर नसतानाही.

म्हणजे ज्या आजाराने ती त्या दुपारी निळी पडली, तो मीच रोज संध्याकाळी दारातून आत आणत होतो.

यंत्र जुळवायच्या दिवशी आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. जुळवणारी इंजिनीअर किमया म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने समजावलं की ठोका लागेल तेवढाच द्यायचा. फार वाढवला तर शब्द अडकतात, माणूस मंद होतो. कमी ठेवला तर घंटा वाजत राहते आणि मोठा झटका बहुतेक वेळा थांबतो. बहुतेक वेळा. खोलवरची बारीक घंटा तारांना नेहमी ऐकू येतेच असं नाही, म्हणून ती वाजली की नाही हे पेशंटनेच सांगायचं. आणि गिरिजाची घंटा मला बघून वाजते, म्हणून मी बाहेर जायचं, दार उघडून आत यायचं, तिने काय वाटलं ते सांगायचं, मग किमया एक पायरी वाढवणार आणि मी पुन्हा बाहेर जाणार.

हे काम माझ्या ओळखीचं होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ती जड चौकट चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? पुन्हा बदलायची. फरक इतकाच, आज काच मी होतो.

पहिल्यांदा आत आलो तेव्हा गिरिजाचे डोळे भरले आणि ती म्हणाली, वाटतंय. किमयाने वाढवलं. मी बाहेर जाऊन आलो. अजून वाटतंय, थोडं कमी. पुन्हा वाढवलं. बाहेरच्या बाकावर बसलेला एक म्हातारा मला दर वेळी नव्याने विचारायचा, आत किती नंबर चालू आहे.

त्यानंतर आत आलो आणि गिरिजा माझ्याकडे बघत लगेच म्हणाली, "आता काही नाही वाटत."

किमयाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तीच पायरी कायम करायला निघाली. चौकटीला कंटाळलेली गिऱ्हाइकं अशीच घाईने "दिसतंय, दिसतंय" म्हणतात. मी गिरिजाच्या हातांकडे पाहिलं. ओढणीचं टोक तिच्या बोटांत होतं, आणि बोटं ते चुरगाळत होती. डोळे माझ्यावर होते. काही वाटत नाही म्हणत ती माझ्याकडे असं बघत होती, जसं लातूरच्या बैठकीत बघितलं होतं. तसं माझ्याकडे जगात दुसऱ्या कुणीही पाहिलेलं नाही. मी गप्प बसलो असतो तर ते माझं राहिलं असतं, आणि मला गप्प बसायचं होतं.

"ती खरं बोलत नाही," मी किमयाला म्हणालो. "वाढवा."

गिरिजा हमसून रडायला लागली. तिचं म्हणणं होतं की मी कशाला बोललो, तिचं तिने ठरवलं होतं, थोडा आजार राहिला असता तर राहिला असता. "तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?"

"तू निळी पडली होतीस, गिरिजा. मला परत तसं दार उघडायचं नाही. ओळख गेली तर जाऊ दे, तू राहा."

किमया हात आखडून बसली होती. पेशंटने सांगितल्याशिवाय तिला काही करता येणार नव्हतं. बऱ्याच वेळाने गिरिजाने डोळे पुसले, ओढणीचं टोक सोडून हात मांडीवर ठेवले आणि तिला मान हलवून होकार दिला. मी बाहेर गेलो. दाराच्या मुठीवर हात ठेवून थोडा जास्तच थांबलो, मग आत आलो. गिरिजाने वर पाहिलं. ती माझ्याकडे नीट, लक्ष देऊन बघत होती. किमयाने विचारलं, काय वाटतं? ती म्हणाली, "हे आलेत." हात मांडीवर तसेच होते.

झटके थांबले. एकही आला नाही. गिरिजा स्कूटर शिकली, एकटी तुळजापूरला जाऊन आली, दुकानाचा हिशेब माझ्यापेक्षा चोख बघायला लागली. मला आनंद झाला, तो खरा होता. त्याच्या शेजारीच दुसरं जे होतं तेही खरं होतं. संध्याकाळी मी दारात आलो की ती "आलात?" म्हणायची आणि चहा टाकायची. तिला माझं सगळं माहीत होतं, चहात साखर किती, सदऱ्याचं माप काय. कपाट जागच्या जागी होतं. पण माझ्याकडे ती अशी बघायची, जसा मी दुकानात येणाऱ्या भल्या गिऱ्हाइकाकडे बघतो.

तिला दोष देऊन चालणार नाही. बाकीची जोडपी भांडतात, रुसतात, विचारपूस करतात, वर्षानुवर्षं एकमेकांची ओळख कमावतात. आम्हाला ती पहिल्याच दिवशी आयती मिळाली होती, म्हणून आम्ही कधी कमावलीच नाही. आयतं गेलं तेव्हा घरात दोन सज्जन माणसं उरली.

भाचीच्या डोहाळजेवणाला अक्काने सवयीने गोष्ट सुरू केली. पेला झाला, पदराच्या टोकावर आली, तेव्हा गिरिजा शांतपणे म्हणाली, "अक्का, ती फिट होती." अक्काचा हात हवेतच राहिला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी ओटीचं सामान विचारलं आणि विषय बदलला. अक्काने ती गोष्ट त्यानंतर कधी सांगितली नाही.

घरी आल्यावर गिरिजाने मला विचारलं, आतून काही येत नाही, खोटं वागू का? मी नको म्हणालो. ती विचार करत बसली आणि तिनेच तोडगा काढला. रविवारी सकाळी तुम्ही मला बघायला या, म्हणाली. नव्याने. कपाटातून काही येतं का बघू.

रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मागच्या दाराने निघून पुढच्या दाराची घंटी वाजवली. गिरिजा लग्नातली साडी नेसली होती. तिने मला बसा म्हटलं. मी माझ्याच घरात खुर्चीच्या कडेवर बसलो. तिने पोह्यांची बशी आणली, समोर ठेवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पाणी मागितलं. पेला डाव्या हाताने घेतला. ती बघत होती, मनापासून बघत होती, ते मला दिसत होतं. पदराला तिने हातही लावला नाही.

"काही नाही आलं," ती शेवटी म्हणाली.

मी मान हलवली. काहीतरी करायचं म्हणून बशी उचलली आणि सवयीने शेंगदाणे कडेला काढायला लागलो. गिरिजा त्या शेंगदाण्यांकडे बघायला लागली.

"तुम्हाला आवडत नाहीत? अक्का म्हणायची, पण मला वाटायचं ती थट्टा करते."

"नाही आवडत."

"इतकी वर्षं मी घालतेय. बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," मी म्हणालो. त्यात राग नव्हता, पण तो शब्द घरात बराच वेळ राहिला.

तिने विचारलं, "मग राहिलात कशासाठी?"

"तू मला ओळखलं होतंस म्हणून."

गिरिजाचे डोळे भरून आले. ते माझ्यासाठी भरले होते, एखाद्या अनोळखी माणसाचं दुःख बघून भल्या बाईचे भरावेत तसे. तिने पदराने डोळे टिपले आणि पदर सोडून दिला.

"ती मी नव्हते हो," ती म्हणाली.

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मी उठायला लागलो, कारण बघायला आलेला माणूस नकार आल्यावर उठतो. तर तिने हाताने थांबवलं.

"असे उपाशी नका उठू. पोहे निवतायत. खाऊन जा."

मी पुन्हा बसलो आणि पोहे खाल्ले, शेंगदाण्यांसकट.